आधी दुचाकी हलवा, मग पेव्हरचं बघू

प्रश्न : आमचं महाविद्यालय सांगलीत विश्रामबागेकडे आहे. आवार मोठं, झाडं जुनी. पण गेटपासून ग्रंथालयापर्यंत मुलामुलींना दुचाकींमधून अंग चोरत जावं लागतं. आता आवार सुधारायचं ठरलंय : मधल्या चौकात सगळीकडे पेव्हर (सिमेंटचे फरशी-ब्लॉक), हिरवळीला लोखंडी कुंपण, आणि आड येणारे दोन गुलमोहर काढायचे. समितीत मीही आहे. आक्षेप कसा घेऊ?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : मॅडम, आक्षेप घेऊ नका, हिशेब मांडा. संस्थाचालकांना आक्षेप चालत नाही, वाचलेला खर्च चालतो.

माझी नोकरी रस्त्यांच्या कामांवर गेली, म्हणून मातीपासून सुरुवात करतो. तुमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर नुसती कच (दगडाची बारीक भुकटी) पसरून पेव्हर बसवले की काही पावसाळ्यांतच चौकाला लाटा येतात. काळी माती उकरून काढायची, मुरूम थराथरानं पाणी मारून रोलरनं दाबायचा, वर खडी, मग वाळू, आणि ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला पक्का कर्ब, म्हणजे काठाची पट्टी. एवढं नीट करायचं तर अख्ख्या चौकाला परवडत नाही. पाय पडतात तेवढ्या पट्ट्याला परवडतं. शिवाय पायी चालण्यासाठी ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो, वरून गाड्या जाणार असतील तर ८० चा घ्यावा लागतो. म्हणजे गाड्या बाहेर ठेवल्या की फरशीही स्वस्त. समितीत हे पहिल्यांदा बोला.

दुचाकी गेटच्या आत आल्या आल्या कडेलाच लावून घ्यायच्या. मुलं कुरकुरतील आणि ऐकतील. खरी अडचण स्टाफची! पोर्चखाली गाडी लावायची सवय सुटत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. एसटीनं तासगाव-कवठेमहांकाळहून येणाऱ्यांसाठी मोठ्या गेटशेजारी वेगळी दिंडी, म्हणजे माणसांपुरतं छोटं दार, उघडा. एकाच फाटकातून माणसं आणि मोटारसायकली आत घेतल्या तर पुढचं सगळं नियोजन वाया.

कुंपणाचं तर नावच काढू नका. हिरवळीतून पायवाट पडली आहे ना? मग मुलांनी रस्ता आखून दिलाय, आखणीची फी वाचली. तीच वाट पक्की करा. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसचे निकष सांगतात. तास सुटल्यावरचा लोंढा बघता तुम्ही तीन मीटर धरा. पायरी येईल तिथं एकास बारा (बारा फुटांत एक फूट चढ) उताराचा रॅम्प. व्हीलचेअर चालेल, आणि पुस्तकांची ढकलगाडीही.

गुलमोहराबद्दल मी भाबडा नाही. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. पण त्यावर उपाय छाटणी आहे, कुऱ्हाड नव्हे. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात पेव्हरवरून चालून बघा, सावलीची किंमत कळेल. तोडायचंच म्हटलं तरी १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. ठेकेदार ते सांगेलच असं नाही. बुंध्यापर्यंत ब्लॉक ठोकू देऊ नका. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला हरित लवादानं २०१३ मध्ये लावलं होतं. आळं मोकळं ठेवा आणि पदपथाचा उतार आळ्याकडे द्या. नवीन लावायचे तर करंज, कडुलिंब.

“असं कुठं असतं का?” असं कुणी विचारलंच तर आयआयटी कानपूर सांगा. आपल्या कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेले वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांनी साठच्या दशकात तिथं गाड्यांचे रस्ते वेगळे आणि चालणाऱ्यांच्या छायेतल्या वाटा वेगळ्या ठेवल्या.

निविदेआधी पंधरा दिवस चुन्यानं पट्टे मारून, दोर बांधून ही व्यवस्था चालवून बघा. परीक्षेच्या नव्हे, नेहमीच्या तासांच्या दिवसांत. दोर कुठं ओलांडला जातो ते शिपाईमामांना टिपून ठेवायला सांगा, आणि नकाशा त्यानंतरच पक्का करा.