सासूबाईंना न्यूयॉर्कला आणताय तर हे आधी बोलून घ्या

नवऱ्याची नोकरी न्यूयॉर्कला, पुढेमागे डॅलस, सोबत सासूबाई, नणंद मात्र नाशिकला असं लिहिलंय तुम्ही. व्हिसा आणि इन्शुरन्सचं सरकारी साइटवर सगळं आहे. मुलांच्या शाळेचं आणि एकटेपणाचंही विचारलंय. सासूबाईंचं काही बरंवाईट झालं तर हॉस्पिटल कोणाचं ऐकतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही.

इथे अमेरिकेत हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर चालतं. न्यूयॉर्कमध्ये लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवण्याचा, वेगळा कायदा नाही, मुख्य कागद हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे पेशंटला स्वतः ठरवता येईनासं झालं की त्याच्या वतीने कोण ठरवणार ते. वकील नको, नोटरी नको, दोन साक्षीदार पुरतात, फक्त प्रॉक्सीने, म्हणजे ज्याचं नाव घातलंय त्याने, स्वतः साक्षीदार व्हायचं नाही. आणि खरी मेख पुढे आहे. नळीने अन्नपाणी द्यायचं की थांबवायचं हे प्रॉक्सीला तेव्हाच ठरवता येतं जेव्हा त्याबद्दल पेशंटची इच्छा काय ते त्याला माहीत असतं, नाहीतर नाही.

माझ्या बाबांनी प्रॉक्सी म्हणून माझं नाव घातलं आणि "गिळता येईना झालं तर नाकात नळी घालून ठेवू नका" हे फॉर्मवर लिहूनही घेतलं. नागपूरला भावाला फोन केला तर तो म्हणाला, अभद्र बोलू नका, आणि विषयच बंद. मग वेळ आली तेव्हा हॉस्पिटलने दर ॲडमिशनला तोच कागद नव्याने मागितला, स्ट्रेचरशेजारी उभी राहून मी फोनमधला फोटो दाखवत होते, पण शेवटी मानलं त्यांनी. कायद्याने मानलं, भावाने नाही. अजूनही तो बोलतो ते फक्त बँकेचं आणि घराच्या टॅक्सचं. बाबांचं ऐकलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं, आणि तरी रात्री जाग येतेच.

घरी श्वास थांबला आणि ९११ ला फोन केला तर प्रॉक्सीचा कागद असूनही ॲम्ब्युलन्सवाले छाती दाबणारच. ते नको असेल तर डॉक्टरच्या सहीचा मोल्स्ट नावाचा वेगळा फॉर्म लागतो.

डॅलसला गेलात तर टेक्सासचे फॉर्म नव्याने करा. तिथे दोन साक्षीदार किंवा नोटरी चालतो, पण साक्षीदारांतला एक तरी नात्याबाहेरचा लागतो. आणि तुमच्या स्वतःच्या कागदासाठी हे लक्षात असू द्या की बाई गरोदर असेल तर टेक्सासमध्ये तिचं डायरेक्टिव्ह, म्हणजे उपचार हवेत-नकोत ते लिहिलेला तिचा कागद, लागू होत नाही. मला हे वाचून संताप आला होता, अजून येतो.

शाळेचं म्हणाल तर माझ्या इंग्लिश मीडियमच्या मुलाला नुसतं नाव बघून इंग्लिश न येणाऱ्यांच्या वर्गात घातलं होतं, ते अजून डाचतं, पण मुलं निभावतात. एकटेपणाचं पण तसंच, सवय होते.

सासूबाईंशी बोलायचं ते नाशिकलाच बोला, नणंदबाई समोर बसलेल्या असताना, आणि त्या "शुभ बोला" म्हणून उठायला लागल्या तरी हात धरून बसवा.