बिअरचा नफा प्रयोगशाळेत कसा पोहोचतो?

प्रश्न : डेन्मार्कची कार्ल्सबर्ग ब्रुअरी एका प्रतिष्ठानाच्या ताब्यात आहे, असे ऐकले. कंपनी देणगी देते, की प्रतिष्ठानच कंपनीचे मालक आहे?

उत्तर : प्रतिष्ठानच मालक आहे, आणि सगळे इथूनच समजून घ्यायला हवे. जे. सी. याकोबसेन यांनी १८४७ मध्ये कोपनहेगनजवळ वाल्बी येथे ही ब्रुअरी काढली, १८७५ मध्ये तिला प्रयोगशाळा जोडली आणि १८७६ मध्ये कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केले. मुलगा कार्ल याच्याशी बिनसल्यावर त्यांनी मृत्युपत्रात ब्रुअरी प्रतिष्ठानाच्या नावे केली. १८८७ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी ती प्रतिष्ठानाकडे आली. कारभार पाहणारे पाच विश्वस्त रॉयल डॅनिश अकॅडमी ही विद्वानांची संस्था आपल्या सभासदांतून निवडते. पैसा कोणाला द्यायचा, हे विद्वान ठरवतात. याकोबसेन घराण्याचा किंवा विक्री विभागाचा त्यात हात नसतो. आमच्या मते ब्रुअरी दान करण्याइतकाच हा निर्णयही मोठा होता.

कंपनी नफ्यातून लाभांश जाहीर करते, आपल्या भागांच्या (शेअर्सच्या) प्रमाणात तो प्रतिष्ठानाला मिळतो आणि त्यातून अनुदाने दिली जातात. अनुदान म्हणून कंपनी थेट काही देत नाही.

प्रश्न : कंपनी जगभर पसरली, नवे भाग विकले गेले. तरी ताबा कसा टिकला?

उत्तर : मतांच्या रचनेमुळे. ‘ए’ वर्गाच्या प्रत्येक भागाला २० मते आहेत, ‘बी’ वर्गाच्या भागाला २. समजा, एकूण १०० भागांपैकी २५ ‘ए’ आणि ७५ ‘बी’ आहेत. ‘ए’ची मते ५००, ‘बी’ची १५०. म्हणजे पाव भांडवल हाती असलेल्याकडे सुमारे ७७ टक्के मते येतात.

पूर्वी प्रतिष्ठानाने निम्म्याहून जास्त भांडवल राखावे, अशी प्रतिष्ठानाच्या घटनेचीच (मूळ नियमावलीची) अट होती. तिची अडचण अशी की, मोठी खरेदी करायला कंपनीने नवे भाग काढले, तर आपला वाटा टिकवायला प्रतिष्ठानालाही त्यातले निम्म्याहून जास्त भाग विकत घ्यावे लागत. त्यासाठी लागणारा पैसा शेवटी संशोधनाच्याच वाट्यातून जाणार. २००७ मध्ये घटना बदलली. आता किमान २५ टक्के भांडवल आणि ५१ टक्के मते पुरतात.

ताबा टिकला, तरी जोखीम टळत नाही. धंद्याला फटका बसला की लाभांशाला झळ लागते. २०२३ मध्ये रशियाने कंपनीचा तिथला ‘बाल्टिका’ व्यवसाय आपल्या नियंत्रणाखाली घेतला, तेव्हा एका देशातली गुंतवणूक किती अचानक हातची जाऊ शकते, हे साऱ्यांनी पाहिले. म्हणूनच अशा संस्थेने सगळा लाभांश त्याच वर्षी वाटून टाकू नये. संशोधनाचे वचन अनेक वर्षांचे असते, नफा मात्र दरवर्षी नव्याने ठरतो.

प्रश्न : तिथल्या प्रयोगशाळेत बिअरपलीकडे काही झाले का?

उत्तर : बरेच, आणि आज कुठल्याही अन्न-प्रयोगशाळेत त्याचा माग सापडतो. एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. बिअर बिघडण्यामागे मुख्य वाणात मिसळलेले जंगली यीस्ट असते, हे त्यातून कळले. याकोबसेन यांनी ते वाण लपवले नाही, इतर ब्रुअऱ्यांनाही दिले.

त्याच वर्षी योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा. त्यातला नायट्रोजन अमोनियम सल्फेटमध्ये उतरतो. मग अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने काढायचा आणि अनुमापनाने मोजायचा. नायट्रोजनच्या आकड्याला साधारण ६.२५ ने, दुधासाठी ६.३८ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. मात्र ही पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिन ओळखत नाही. म्हणूनच २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजन असलेले रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवता आला.

एस. पी. एल. सोरेनसेन विकरांवर (एन्झाइम्सवर) काम करत होते. विकराची क्रिया हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असते, पण ते आकडे हाताळायला फारच लहान. १९०९ मध्ये त्यांनी सामूची (pH) मोजपट्टी सुचवली. तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे प्रमाणात दहापट फरक.

प्रश्न : कलेला मदतही याच प्रतिष्ठानाकडून होते का? लिटल मर्मेडचा पुतळा त्यांनीच दिला ना?

उत्तर : पुतळा प्रतिष्ठानाने दिलेला नाही. १९१३ मध्ये कोपनहेगनला तो कार्ल याकोबसेन यांनी स्वतः भेट दिला. वडिलांशी फाटल्यावर कार्ल यांनी न्यू कार्ल्सबर्ग ही वेगळी ब्रुअरी चालवली. १९०२ मध्ये तीही प्रतिष्ठानाला देऊन टाकली आणि त्याच वेळी कलेसाठी न्यू कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान उभे राहिले. ते कलाकृती विकत घेऊन संग्रहालयांना देते, सार्वजनिक जागांतील कलेला आणि कलेतिहासाच्या संशोधनालाही पैसा पुरवते. कोपनहेगनचे ग्लिप्टोटेक संग्रहालय कार्ल यांच्याच संग्रहातून उभे राहिले.

फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यातले राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय मात्र थोरल्या याकोबसेन यांचे. १८५९ च्या आगीत किल्ला जळाला होता. १८७८ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय आजही कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचाच भाग आहे.

प्रश्न : अर्ज करताना काय सांभाळावे?

उत्तर : प्रतिष्ठान मूलभूत संशोधनाला पैसा देते, मग ते विज्ञानातले असो, मानव्यविद्येतले की समाजशास्त्रांतले. उत्पादन बाजारात आणण्याचा प्रस्ताव कितीही चांगला असला, तरी त्याची जागा ही नाही. डेन्मार्कमधल्या संशोधनाशी तुमचे नाते काय, हे अर्जात स्पष्ट हवे. प्रत्येक योजनेची पात्रता वेगळी असते आणि ती बदलतेही, म्हणून त्या वर्षीचे निवेदन आधी वाचा आणि मगच प्रस्ताव लिहायला घ्या. प्रश्न असा मांडा की शेजारच्या शाखेतल्या प्राध्यापकालाही तो कळावा. पाच विश्वस्तांना सगळ्या शाखा तोलायच्या असतात आणि पहिल्या पानावरच परिभाषेची गर्दी झाली, तर नेमका प्रश्न कोणता, हेच हरवते. अंदाजपत्रकात पगार, उपकरणे आणि प्रवास वेगवेगळे दाखवा. प्रत्येक रकमेशेजारी ती कशासाठी लागते, हे एका वाक्यात लिहा.