जेन ऑस्टेनच्या हयातीत तिच्या कादंबऱ्यांवर तिचं नाव छापलं जायचं का?

नाही, एकाही कादंबरीवर नाही. पहिल्या आवृत्त्यांची शीर्षकपानं पाहिली की हे लगेच दिसतं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर (१८११) नावाच्या जागी 'एका बाईंनी लिहिलेली' एवढंच आहे, आणि 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर (१८१३) आधीच्या कादंबरीच्या लेखिकेची, असा उल्लेख. घरंदाज बाईने लिहून पैसे मिळवणं तेव्हा फारसं चांगलं मानत नसत. पण सगळ्याच जणी नाव लपवायच्या असं नाही. मारिया एजवर्थ स्वतःच्या नावाने लिहीत होती. जेन १८ जुलै १८१७ रोजी वारली. त्याच डिसेंबरात 'नॉर्थँगर ॲबी' आणि 'पर्स्युएशन' एकत्र निघाल्या आणि त्यांना भाऊ हेन्रीने जोडलेल्या चरित्रटिपणातून लेखिका कोण ते छापील स्वरूपात जाहीर झालं.

मात्र नाव छापलं नाही म्हणजे कोणालाच ठाऊक नव्हतं, असं समजू नका. हेन्री कौतुकाने लोकांना सांगायचा. बातमी थेट राजघराण्यापर्यंत गेली होती, म्हणूनच तर १८१५ च्या अखेरीस आलेली 'एमा' तिला प्रिन्स रीजंटला, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या युवराजाला, अर्पण करावी लागली, तीही तो माणूस तिला मुळीच आवडत नसताना.