हर्लिंगच्या गोलकीपरची कारकीर्द कशी असते? ब्रेंडन कमिन्सची सांगतो

तुम्ही विचारलंय: ‘हर्लिंगचा एक व्हिडिओ पाहिला. हॉकी माहीत आहे, हा खेळ नाही. त्यातला गोलकीपर नेमकं काय करतो आणि एखाद्या आयरिश गोलकीपरची कारकीर्द कशी असते?’

मी खडकीचा. शाळेत हॉकीत गोली होतो. 2009 च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी आयर्लंडला आलो, टिपरेरी काउंटीतल्या क्लॉनमेलला. सप्टेंबरात शेजारच्या काकांनी ऑल-आयर्लंडचा, म्हणजे काउंटी संघांच्या मुख्य स्पर्धेचा, अंतिम सामना पाहायला घरी बोलावलं. टिपरेरी विरुद्ध किलकेनी. हर्लिंगचा मी पाहिलेला हा पहिला सामना, आणि सवयीप्रमाणे माझे डोळे गोलीवर खिळले. टिपरेरीच्या गोलमध्ये ब्रेंडन कमिन्स होता. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच्याच कारकिर्दीतून देतो.

आधी काम समजून घ्या. हॉकीचा गोली पॅड, किकर, छातीचं कवच घालून उभा असतो. इथे त्यातलं काहीच नाही. जर्सी, हाफ पँट, डोक्यावर हेल्मेट, आणि तेही वरिष्ठ खेळाडूंना सक्तीचं झालं ते 2010 पासून. हातात अ‍ॅश लाकडाची हर्ली, म्हणजे या खेळाची काठी. तिचं पुढचं चपटं पातं इतरांना 13 सेंटीमीटरपेक्षा रुंद चालत नाही, गोलीला मात्र मोठं ठेवता येतं. एवढीच काय ती सवलत. चेंडूला स्लिटर म्हणतात. आत बुचाचं लाकूड, वर चामडं, शिवणीच्या जाड कडा, वजन 110 ते 120 ग्रॅम. आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पण जवळून अंगावर आला तर विचार करायला वेळ मिळत नाही. गोल 6.5 मीटर रुंद, म्हणजे हॉकीच्या गोलच्या जवळजवळ पावणेदोनपट. आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे 3 गुण. दांड्यावरून, दोन उंच खांबांच्या मधून गेला तर 1 गुण. म्हणून स्कोअर 2-18 असा लिहितात: दोन गोल आणि अठरा गुण, एकूण 24.

कामाचा दुसरा अर्धा भाग हॉकीत नाही. चेंडू बाहेर गेला किंवा समोरच्यांनी गुण घेतला की खेळ पुन्हा सुरू करतो तो गोली. चेंडू हाताने किंचित उडवून मैदानात मारायचा. याला पकआउट म्हणतात. एका सामन्यात असे तीसेक तरी होतात, कधी त्याहूनही जास्त. गोली अडवणारा तर आहेच, पण आपल्या संघाचा बहुतेक प्रत्येक डावही त्याच्याच हातून सुरू होतो. अडवलेले चेंडू लोकांच्या लक्षात राहतात, पण सामना बऱ्याचदा या पकआउटवर फिरतो.

आता कमिन्स. जन्म 1975 चा, क्लब बॅलिबेकन-ग्रेंज, क्लॉनमेलपासून फार लांब नाही. टिपरेरीचा हा दक्षिण भाग खरं तर गेलिक फुटबॉलचा, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या फुटबॉलचा. हर्लिंगचं काळीज काउंटीच्या मध्यात आणि उत्तरेत, थर्लसच्या आसपास. 1884 साली हे दोन्ही खेळ चालवणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली तीही थर्लसमध्येच. दक्षिणेच्या पोराने टिपरेरीचा गोल सांभाळावा याचं काकांना फार कौतुक. तो काही काळ टिपरेरीकडून फुटबॉलही खेळला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: इथे खेळाडूला पगार नसतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव, आणि संघ सहसा आपल्या घरच्या काउंटीचाच. पैशासाठी दुसरीकडे जाण्याची सोयच नाही. त्यामुळे जागा गेली की गेली. मैदानाबाहेर बसा किंवा घरी जा.

1995 साली त्याने ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिपमध्ये पदार्पण केलं. 1997 च्या अंतिम सामन्यात क्लेअरने टिपरेरीला 0-20 विरुद्ध 2-13 असं हरवलं, एका गुणाने. गोलीला एका गुणाची हार कशी लागते हे गोलीलाच कळतं. सत्तर मिनिटांतला प्रत्येक चेंडू तो रात्री पुन्हा पाहतो. 2001 मध्ये त्याची भरपाई झाली. टिपरेरीने गॉलवेला 2-18 विरुद्ध 2-15 असं हरवून दहा वर्षांनी ऑल-आयर्लंड जिंकलं. त्या वर्षी कमिन्सला ऑल स्टार मिळाला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पंधरा जणांत निवड. त्याच्या आदल्या वर्षी, 2000 मध्येही मिळाला होता. 2003 मध्ये टिपरेरी उपांत्य फेरीत किलकेनीकडून सपाटून हरली, तरी ऑल स्टार गोली तोच.

मग 2007. त्या मोसमात चॅम्पियनशिप चालू असताना व्यवस्थापक बॅब्ज कीटिंग यांनी त्याला संघातून वगळलं. बारा वर्षं गोल सांभाळलेला, तीन ऑल स्टार मिळवलेला माणूस राखीव बाकावर. टिपरेरी उपांत्यपूर्व फेरीत वेक्सफर्डकडून हरली तेव्हा गोलमध्ये दुसराच होता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा मध्य इथे आहे, त्याच्या दोन ऑल-आयर्लंड पदकांत नाही. बाकीच्या चौदा जागांवरचा खेळाडू वगळला तर निदान बदली म्हणून आत येण्याची आशा असते. गोलीची जागा एकच, आणि सामन्यात गोली सहसा बदलत नाहीत. राखीव गोली सराव करतो, सामन्याआधी पहिल्या गोलीला चेंडू मारून त्याचे हात गरम करतो आणि बसतो. किलकेनीचे नोएल स्केहन असेच वर्षानुवर्षं ऑली वॉल्श यांच्या मागे बसले. त्यांच्या नऊ ऑल-आयर्लंड पदकांपैकी पहिली तीन बाकावरची आहेत. पण स्केहन बसले ते तरुणपणी, पुढे आपली पाळी येणार या आशेवर. कमिन्स बसला तो बत्तिशीत, अर्धी काउंटी ‘आता संपला’ म्हणत असताना. काकाही त्यांतलेच एक. त्यांनी हे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

तो घरी गेला नाही. 2008 ला लियाम शीडी व्यवस्थापक झाले, कमिन्स पुन्हा गोलमध्ये आला, टिपरेरीने मन्स्टर प्रांताचं विजेतेपद घेतलं आणि त्याला चौथा ऑल स्टार मिळाला.

आता मी पाहिलेला 2009 चा सामना. किलकेनी सलग चौथ्या विजेतेपदासाठी खेळत होती. समोरच्या टोकाला त्यांचा गोली पी. जे. रायन असा काही खेळला की सामनावीर तोच ठरला. टिपरेरीचे गोल व्हावेत असे चेंडू त्याने अडवले. शेवटची सातेक मिनिटं उरली असताना किलकेनीला पेनल्टी मिळाली. ती द्यायला नको होती असं टिपरेरीत आजही कुणीही सांगेल. त्या काळी पेनल्टीला गोलरेषेवर तिघे उभे राहत, गोली आणि दोन बचावपटू. गोली एकटा उभा राहू लागला ते पुढे 2015 पासून. हेन्री शेफलिनने चेंडू मारला आणि तिघांच्या मधून तो जाळ्यात गेला. पाठोपाठ दुसरा गोल झाला. 2-22 विरुद्ध 0-23. काका टीव्ही बंद न करता उठून गोठ्याकडे गेले. मी कमिन्सकडे पाहत राहिलो. जाळ्यातला चेंडू काढून त्याने लगेच पकआउट घेतला होता, त्याआधीच्या प्रत्येक पकआउटसारखाच. मी शाळेत गोल खाल्ल्यावर मान खाली घालून उभा राहायचो. हा माणूस नव्हता राहिला.

पुढच्या वर्षाची सुरुवात वाईट झाली. कॉर्कने टिपरेरीला पहिल्याच सामन्यात 3-15 विरुद्ध 0-14 असं झोडपलं. मागच्या दाराने, पात्रता फेऱ्यांतून, गॉलवेला एका गुणाने हरवत टिपरेरी अंतिम सामन्यात पोचली. तारीख 5 सप्टेंबर 2010, समोर पुन्हा किलकेनी, आता सलग पाचव्या विजेतेपदासाठी. कुणालाच कधी न जमलेली गोष्ट. लार कॉर्बेटने तीन गोल केले, टिपरेरी 4-17 विरुद्ध 1-18 अशी जिंकली. जग कॉर्बेटचं नाव घेतं, ते बरोबरच आहे. पण किलकेनीसारख्या संघाला सत्तर मिनिटांत एकच गोल करता आला, हेही त्या स्कोअरमध्ये लिहिलेलं आहे. पस्तिशीतल्या कमिन्सचा तो पाचवा ऑल स्टार. वगळल्यानंतर तीन वर्षांनी.

त्याच्या फटक्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाउथ काउंटीत कूली डोंगरात दरवर्षी पक फाडा नावाची स्पर्धा होते. डोंगरावरून सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग, चेंडू मारत मारत जायचं, सर्वांत कमी फटक्यांत पूर्ण करील तो जिंकला. वीर कू खुलिन लहानपणी चेंडू मारत, त्याच्यामागे धावत राजाच्या दरबारी गेला, त्या दंतकथेवरून ही निघाली. कमिन्सने ती अनेक वेळा जिंकली. झुडपं, दलदल, वारा, आणि प्रत्येक फटका नव्या उतारावरून. गोली तिथे चमकतात ते पकआउटमुळे. त्याच्या उमेदीच्या काळात पकआउट म्हणजे शक्य तितका लांब उंच चेंडू, आणि खाली दोघांची झटापट. पुढे कॉर्कच्या डोनल ओग क्युसॅकने मोकळ्या माणसाला हेरून आखूड, नेमके पकआउट द्यायला सुरुवात केली आणि गोलीचं कामच बदललं. कमिन्स हा लांब फटक्याच्या पिढीतला, तरीही नव्या पद्धतीच्या काळात तो टिकला. मला हे त्याच्या कुठल्याही पदकापेक्षा अवघड वाटतं.

2011 ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा किलकेनी, हार. 2012 ला मन्स्टरचं पाचवं पदक. 2013 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा चॅम्पियनशिपचे 73 सामने त्याच्या नावावर होते, तेव्हापर्यंत कुणीही खेळला नव्हता इतके. एकोणीस मोसमांत ऑल-आयर्लंड पदकं मात्र दोनच.

तुम्ही हॉकीवाले आहात म्हणून एक सुचवतो. 2010 चा अंतिम सामना मिळवून पूर्ण पाहा, फक्त गोलांची झलक नको. प्रत्येक गुणानंतर चेंडू गोलीकडे परत येईल. त्या वेळी आधी त्याची मान पाहा, ती कोणत्या बाजूला वळते ते. मग चेंडू कुठे पडतो ते पाहा.