घरमालकीण आजी 'गावठी फ्रेंच' बोलतात का?

प्रश्न : माझा मुलगा बेल्जियममध्ये लिएजला शिकतो. घरमालकीण आजी त्याच्याशी फ्रेंच बोलतात, पण बहिणीचा फोन आला की भलतंच काहीतरी सुरू होतं. मुलगा म्हणतो, "गावठी फ्रेंच आहे." आजी म्हणतात, "वालोन." ही खरंच वेगळी भाषा आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आधी कबुली देते. ठाण्यात मी बावीस वर्षं फ्रेंच शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं वर्गात तुमच्या मुलासारखंच सांगत आले. माझी आई चेंदणी कोळीवाड्यातली. पाहुण्यांसमोर ती "मना पानी दे" म्हणाली की मी "मला पाणी" करून द्यायचे. खोड तेव्हापासूनची.

वालोन म्हणजे बिघडलेलं फ्रेंच नव्हे. दोघी लॅटिनच्याच लेकी, सख्ख्या बहिणी म्हणा. उलट काही जुन्या गोष्टी वालोननंच सांभाळल्यात. कुत्र्याला फ्रेंचमध्ये 'शियँ' म्हणतात, वालोनमध्ये 'चेँ'. जुन्या फ्रेंचमध्येही तिथे 'च'च होता, 'श' नंतर आला. गांधीलमाशी फ्रेंचमध्ये 'गेप', वालोनमध्ये 'वेस'. हा 'व' जर्मन कुळातल्या शेजारणींच्या सहवासातला; फ्रेंचनं त्याचा 'ग' केला, वालोननं तसाच ठेवला. 'वालोन' हे नावही त्याच शेजाऱ्यांनी परक्यांसाठी वापरलेल्या शब्दावरून आलंय. ब्रिटनमधलं 'वेल्स' त्याच मुळाचं.

मग ती मागे का पडली? कागदावर फ्रेंच आणि घरात, बाजारात, कोळशाच्या खाणीत वालोन, ही वाटणी फार जुनी. १७९५ मध्ये फ्रान्सनं हा मुलूख जोडून घेतला. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तरी तिथला कारभार फ्रेंचमध्येच राहिला. तरीही वालोन दबली नव्हती. १८५६ मध्ये लिएजमध्ये वालोन साहित्यासाठी संस्था निघाली आणि पुढे तिथल्या रंगभूमीवर वालोन नाटकांना गर्दी होऊ लागली. (१८५० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेलेल्या शेतकऱ्यांनी ती तिकडेही नेली, तिथे ती पुढे कित्येक पिढ्या बोलली गेली.)

खरा घाव घातला शाळेनं. १९१४ च्या कायद्यानं शिक्षण सक्तीचं झालं, शाळा फ्रेंच. पोरं मागे पडतील या धास्तीनं आईबापच त्यांच्याशी फ्रेंच बोलू लागले. १९९० मध्ये तिथल्या फ्रेंच भाषक समुदायानं प्रादेशिक भाषांना कायद्यानं मान्यता दिली, त्यात वालोन आहे. तोवर ती आजी-आजोबांच्या ओठांवर उरली होती.

शिवाय ती एकसाची नाही. लिएज, नामूर, शार्लरुआ, प्रत्येकाचा लहेजा वेगळा. तेव्हा मुलाला सांगा, आजींना विचार, "कुत्र्याला तुम्ही काय म्हणता?" 'च' ऐकू आला की तिथेच वही उघड. आणि बहिणीचा फोन चालू असताना मध्येच त्यांचं फ्रेंच सुधारायला जाऊ नकोस, हेही सांगा.