ताई, प्रश्न विचारायची सवय आधी सोडा

ताई, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी गटात सत्रं घ्यायची म्हणताय, छानच. तुम्ही निवृत्त शिक्षिका, म्हणजे तोंडात प्रश्न तयारच असणार. पण या मंडळींना ‘ओळखलंत का मला?’, ‘काल काय जेवलात?’ असं विचारू नका. आठवलं नाही की माणूस ओशाळतो. त्यापेक्षा हातात काहीतरी द्या: मेथी निवडायला, मटार सोलायला, रुमालांच्या घड्या घालायला. हातांची सवय बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते. घड्या वाकड्या झाल्या तरी त्यांच्यादेखत सरळ करू नका. (हे तुम्हाला जड जाईल!) अभंगाची ओळ म्हणा आणि थांबा. पुढची ओळ येईलच असं नाही, नुसता ताल धरला तरी पुरे.

गट ५ ते ८ जणांचा, वेळ पाऊण तास. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपीतही (स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बुद्धीला गटात चालना देण्याची पद्धत) साधारण हेच माप आहे. तिथे ७ आठवड्यांत १४ सत्रं होतात. सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते.

‘आई वाट बघतेय, घरी जाते’ असं कुणी म्हणालं, तर ‘आई कधीच गेली’ हे सांगू नका. तिच्या हातच्या पुरणपोळीचा विषय काढा.

आणि सत्र उभ्याने नको. समोर, नजरेच्या पातळीवर बसा. आपल्या गुडघ्यांनाही तेच बरं.