एक संगणक, चार लॉगिन आणि सामाईक फोल्डर

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या फाउंड्रीत पॅटर्नची (ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांची) ड्रॉइंग उबंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या एकाच संगणकावर होतात. चौघांना स्वतंत्र लॉगिन आहे. पण पहिल्या पाळीने केलेली फाइल दुसऱ्या पाळीला उघडते, सेव्ह मात्र होत नाही. दुरुस्तीला आलेल्या मुलाने फोल्डरला आतल्या फाइलींसकट ७७७ परवानगी दिली. जुन्या फाइली चालू लागल्या, नव्यांचे रडगाणे तेच आहे, आणि मध्यंतरी ग्राहकाने मंजूर केलेले एक ड्रॉइंग कोणीतरी पुसून टाकले. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी ते ७७७ काढा. लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वेगळी परवानगी असते आणि ७७७ म्हणजे तिघांनाही पूर्ण मोकळीक. त्यातून ती आज्ञा त्या क्षणी असलेल्या फाइलींनाच लागू होते. पुढची प्रत्येक फाइल करणाऱ्याच्या मालकीची आणि त्याच्याच गटाची होते, म्हणून तुमचा अडथळा कायम राहिला. ड्रॉइंग गेले तेही यामुळेच, कारण फाइल कोणी पुसावी हे त्या फाइलीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरते.

‘ग्रुपॲड’ (groupadd) या आज्ञेने एक गट करून चौघांना ‘यूजरमॉड’ (usermod -aG) या आज्ञेने त्यात घाला. इथे कॅपिटल ‘जी’आधी लहान ‘ए’ हवाच. तो राहिला तर ती व्यक्ती आधीच्या इतर गटांतून बाहेर पडते, आणि ती सुडो (sudo) या प्रशासकांच्या गटात असेल तर तिचे प्रशासकाचे अधिकारही जातात. चौघांनी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय नवा गट लागू होत नाही.

नंतर फोल्डर या गटाच्या नावे करून परवानगी २७७० ठेवा, म्हणजे मालक आणि गटाला पूर्ण मोकळीक, इतरांना काहीच नाही. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी (setgid) ही खूण. त्याने आत होणारी नवी फाइल आपोआप फोल्डरच्या गटाची होते. ‘ls -l’ने दिसणाऱ्या यादीत गटाच्या तिसऱ्या अक्षराच्या जागी ‘एक्स’ऐवजी ‘एस’ दिसला की तो लागला असे समजा. तरीही यूमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) ०२२ असल्यास गटाला लिहिता येत नाही. प्रत्येकाचा यूमास्क सांभाळत बसण्यापेक्षा ‘सेटएफएसीएल’ (setfacl) या आज्ञेने फोल्डरवर गटाची डीफॉल्ट परवानगी लावणे मला अधिक भरवशाचे वाटते. दुसरीकडून हलवून आणलेली फाइल मात्र जुना गट आणि जुनी परवानगी घेऊनच येते, तेव्हा ती हलवण्याऐवजी तिची प्रत करावी.

मंजूर ड्रॉइंग या फोल्डरमध्ये ठेवूच नका. त्यांच्यासाठी सुपरवायझरच्या मालकीचा, याच गटाच्या नावे असलेला, २७५० परवानगीचा वेगळा फोल्डर करा. सुपरवायझरने स्वतःच्या लॉगिनमधून तिथे प्रत ठेवून तिला ६४० द्यावी, म्हणजे बाकीचे ड्रॉइंग उघडून पाहू शकतील, पण ते बदलू किंवा पुसू शकणार नाहीत.